त्यांची वाईन, आमचा सडवा



आपल्या राज्यात एकच काम दोन ठिकाणी चालते. गोड माल घ्यायचा, भांड्यात भरायचा, आंबू द्यायचा आणि त्याचे पेय करायचे. नाशिकला हे भांडे स्टीलचे असते. त्याला टाकी म्हणतात. आतला माल 'फर्मेंटेशनला लावलाय' असे कौतुकाने सांगतात आणि तो पाहायला मुंबई-पुण्याची माणसे पैसे मोजून येतात. कोरची-धानोऱ्याकडे भांडे मातीचे असते. आतल्या मालाला पंचनाम्यात 'मोहसडवा' म्हणतात. तो पाहायला फक्त पोलीस येतात. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी असते: सडवा नष्ट, महिलेवर दारूबंदी कायद्याच्या कलम ६५ खाली गुन्हा.

शास्त्र दोन्हीकडे तेच आहे. यीस्ट नावाचा सूक्ष्मजीव साखर खातो आणि तिचा अल्कोहोल करतो. साखर द्राक्षातली की मोहफुलातली, हे तो विचारत नाही. जिल्ह्याची हद्दही त्याला कळत नाही. हद्द कळते ती सरकारला.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे मायबहिणी हा अंक बाजूला ठेवणार नाहीत. हा लेख दारूची भलामण करण्यासाठी लिहिलेला नाही. दारूने घरे बसतात, पोरांची शिक्षणे सुटतात आणि बायका मार खातात. हे मला पुस्तकातून कळलेले नाही, गावोगाव बैठका घेताना ओसरीवर बसून ऐकलेले आहे. प्रश्न दारू चांगली की वाईट हा नाही. झाड आपल्या जंगलात आहे, फूल आपली बाई वेचते. मग त्या फुलाचे काय करायचे, ते विकायचे, खायचे, आंबवायचे की गावात त्याची दारू बंद करायची, हे कोण ठरवणार, हा प्रश्न आहे. आजवर ते मुंबईत ठरत आले. आणि मुंबईने नाशिकसाठी एक नियम केला, आपल्यासाठी दुसरा.

द्राक्षाच्या मळ्यात

आपल्या दोन जिल्ह्यांतले काही कार्यकर्ते मध्यंतरी द्राक्षशेती पाहायला नाशिककडे गेलो होतो. द्राक्षाची तोडणी जानेवारीपासून मार्चपर्यंत चालते, तोच हंगाम धरून गेलो. मळे पाहून डोळे निवतात यात शंका नाही. तारांवर चढवलेल्या वेलींच्या सरळ रांगा, ठिबकच्या नळ्या, एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, फवारणीचे वेळापत्रक. तिथल्या शेतकऱ्याची मेहनत आणि हुशारी यांना मी हात जोडतो. त्याच्याशी आपले भांडण नाही.

मळ्याला लागूनच कारखाना. तिथे वाईन चाखण्याची सोय आहे. कारखान्याचे नाव सांगत नाही, सगळीकडे पद्धत तीच. एक तरुण पोरगा शिकवतो. आधी पेला उजेडात धरून रंग बघा. मग पेला गोल फिरवा, म्हणजे वास मोकळा होतो. नाक आत घालून वास घ्या. मग लहान घोट, तो जिभेवर फिरवायचा, घाईने गिळायचा नाही. पांढऱ्या वाईनसाठी द्राक्ष पिळून नुसता रस आंबवतात, तांबडीसाठी सालीसकट आंबवतात, म्हणून तिला रंग आणि तुरटपणा. पोरगा म्हणाला, चव निम्मी मातीत असते. कोणत्या उतारावर वेल आहे, रात्री थंडी किती पडते, माती मुरमाड की काळी, हे सगळे पेल्यात उतरते.

कुरखेड्याकडची आमच्यातली एक मावशी घोट घेऊन म्हणाली, "आंबट हाय. बाबू, इथं पोलीस येत नाहीत का?" पोरगा हसून म्हणाला, "येतात ना मावशी. सुटीच्या दिवशी, कुटुंबाला घेऊन."

तो चांगला पोरगा होता, त्याने खरे तेच सांगितले. परतीच्या गाडीत या उत्तरावर कोणी हसले नाही. मावशीच्या गावात गेल्या पावसाळ्याआधी तीन घरांवर धाड पडली होती.

चव मातीत असते, हे कृषी पदवीधर म्हणून मला मान्य आहे. पण मग भामरागडच्या मातीत काय कमी आहे? डोंगरमाथ्यावरच्या मोहाचे फूल आणि नाल्याकाठच्या मोहाचे फूल यांच्या गोडीतला फरक आपली म्हातारी जिभेवर ठेवून सांगते. नाशिकला हेच ज्ञान सांगणाऱ्याला पगार मिळतो. आपल्याकडे ते ज्ञान असणे हाच पुरावा धरला जातो. मी कॉलेजात शिकलो तेव्हा फळबागेच्या पुस्तकात द्राक्षाला आख्खे प्रकरण होते. मोहाला एक ओळ नव्हती. मोह म्हणे वनखात्याचा. शेतीच्या पुस्तकात नाही, उद्योगाच्या धोरणात नाही, फक्त पोलीस ठाण्याच्या रजिस्टरात आहे, असे हे झाड.

सरकारने वाढवलेला वेल

कोणी म्हणेल, नाशिकवाले उद्यमशील, म्हणून पुढे गेले. उद्यमशील आहेतच. पण वेलीला मांडव सरकारने घालून दिला, हेही लिहून ठेवा.

२००१ साली महाराष्ट्र सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणले. वाईन कारखान्याला लघुउद्योगाचा दर्जा दिला. राज्यातल्या द्राक्षांपासून राज्यात केलेल्या वाईनला उत्पादन शुल्क माफ केले. नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाईन पार्क काढले, म्हणजे जमीन, रस्ता, पाणी, वीज एका जागी. पुढे विक्रीवर २० टक्के मूल्यवर्धित कर घ्यायचा आणि त्यातले १६ टक्के कारखानदाराला परत करायचे, अशी योजना केली. २०२४ च्या जानेवारीत ही प्रोत्साहन योजना आणखी पाच वर्षांसाठी चालू केली. जानेवारी २०२२ मध्ये तर शंभर चौरस मीटरच्या वरच्या सुपरमार्केटात वाईन विकायला परवानगी द्यायचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला होता. कारण काय दिले? शेतकऱ्याचे भले. त्यावर गदारोळ झाला, काही महिन्यांत सरकार गेले आणि तो निर्णय बाजूला पडला. पण कारण लक्षात ठेवा. वाईन विकली की शेतकऱ्याचे भले होते, असे हे राज्य लेखी म्हणाले आहे.

मग मोहफूल वेचणारी शेतकरी नाही का? तिचे भले कशाने होते?

पण द्राक्षवाल्याचा हेवा करू नका

इथे थांबून एक हिशेब पाहू, नाहीतर 'आम्हालाही वाईन कारखाना द्या' असे निवेदन घेऊन तुम्ही उद्या पालकमंत्र्यांकडे जाल आणि फसाल.

वाईनचे द्राक्ष आणि खायचे द्राक्ष वेगळे. थॉमसन, तास-ए-गणेश, सोनाका ही खायची आणि बेदाण्याची. वाईनला कॅबर्ने सोव्हिन्यो, शिराझ, शनँ ब्लाँ असल्या परदेशी जाती लागतात. दाणा बारीक, साल जाड, आत बी. हे द्राक्ष बाजारात कोणी खायला घेत नाही. म्हणजे ज्याने वाईनची बाग लावली त्याला गिऱ्हाईक एकच, करार केलेला कारखाना. कारखाना न्यायला आला तर पैसे, नाहीतर घड वेलीवरच.

हे भय मनातले नाही. २००८-०९ च्या मंदीत वाईनचा खप पडला, टाक्या भरलेल्या राहिल्या, कारखान्यांनी द्राक्ष उचलायचे थांबवले, आणि नाशिक भागात कितीतरी शेतकऱ्यांनी चांगल्या वाढलेल्या वाईनच्या बागा कुऱ्हाड घालून काढल्या. नारायणगावची इंडेज कंपनी, जिने १९८० च्या दशकात या देशात फसफसणारी वाईन नावारूपाला आणली, तीही त्यानंतर बुडाली. दुसरीकडे नाशिकचीच सुला कंपनी २०२२ च्या डिसेंबरात शेअर बाजारात गेली. कंपनी बुडो की तरो, करार करणाऱ्या शेतकऱ्याच्या हातात किलोचा भाव, एवढेच. एका बाटलीला साधारण एक ते सव्वा किलो द्राक्ष लागते. बाटलीवरची छापील किंमत आणि सव्वा किलो द्राक्षाचा करारातला भाव शेजारी शेजारी लिहा. मधले अंतर कोणाच्या खिशात जाते ते कळायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

म्हणून नाशिकहून घ्यायचा धडा दुहेरी आहे. सरकारने मनात आणले तर आंबवलेल्या मालालाही प्रतिष्ठा मिळते, हा पहिला. आणि भांडे ज्याच्या मालकीचे त्याचाच धंदा, माल पिकवणारा केवळ पुरवठादार, हा दुसरा.

दोन समुद्रकाठ

हा दुसरा धडा समुद्रकाठच्या दोन मुलखांनी आपल्याआधी शिकून घेतला. त्यांची गोष्ट जिल्हा बैठकीत मुद्दाम सांगा.

पहिला मुलूख जवळचा, गोवा. काजूची बोंडे पायाने तुडवून रस काढतात, तो आंबवतात, एकदा गाळला की उर्राक, पुन्हा गाळला की फेणी. ही गाळलेली दारू आहे, वाईनपेक्षा कितीतरी कडक. तरी २००९ साली काजूच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६ साली गोवा सरकारने तिला राज्याचे वारसा पेय ठरवले. तिथून तेरेखोल नदी ओलांडली की आपला सिंधुदुर्ग. झाड तेच, बोंड तेच. पण इकडची बोंडे एक तर झाडाखाली कुजायची किंवा टेम्पोत भरून गोव्याच्या भट्टीवर जायची. सीमेच्या अलीकडे कचरा, पलीकडे वारसा.

जे म्हणतात की वाईन आंबवलेली आणि मोहाची गाळलेली, म्हणून नियम वेगळा, त्यांना फेणी दाखवा. हा फरक खरा आहे, मी नाकारत नाही. वाईनमध्ये अल्कोहोल बारा-चौदा टक्के, गाळलेल्या दारूत त्याहून बराच जास्त. पण मग गोव्याला वारसा का, आणि मोहाची न गाळलेली वाईन करायची म्हटले तर आपल्या बचत गटाला सोपा परवाना आणि नाशिकसारखी शुल्कमाफी का नाही?

दुसरा मुलूख लांबचा, फ्रान्सच्या दक्षिणेचा भूमध्य समुद्राचा काठ. आज तिथे लोक मळे बघायला आणि वाईन चाखायला जगभरातून जातात. त्याच मळ्यांतून १९०७ साली शेतकऱ्यांचे केवढे आंदोलन उठले, ते पाहुण्यांपैकी थोड्यांना ठाऊक असेल. वाईनचा भाव कोसळला होता. माल जास्त झाला होता, आणि त्यात व्यापारी साखर-पाणी घालून खोटी वाईन करून विकत होते. ११ मार्च १९०७ ला आर्जेलिए नावाच्या खेड्यातून ८७ माणसे नार्बोनपर्यंत चालत गेली. पुढारी होता मार्सेलँ आल्बेर, गावात कॅफे चालवणारा एक छोटा द्राक्ष शेतकरी. मग दर रविवारी सभा, दर रविवारी गर्दी वाढत गेलेली. ९ जूनला मॉंपेलिएच्या सभेला पाच लाखांच्या वर माणूस जमला. सरकारने फौज पाठवली, नार्बोनला गोळीबार झाला, माणसे मेली. बेझिएच्या पलटणीतले शिपाई शेतकऱ्यांचीच पोरे होती, त्यांनी बंड केले. आल्बेर पंतप्रधान क्लेमांसोला भेटायला पॅरिसला गेला तेव्हा क्लेमांसोने त्याच्या हातात परतीच्या गाडीभाड्याचे शंभर फ्रँक ठेवले आणि ती गोष्ट पत्रकारांना सांगितली. शेतकऱ्यांचा पुढारी एका दिवसात बदनाम. मंत्र्याच्या बंगल्यावर एकटे जाणाऱ्या आपल्या मित्रांनी हे वाचून ठेवावे.

पण आंदोलन वाया गेले नाही. त्याच जूनअखेर भेसळीविरुद्ध कायदा झाला. आणि शेतकऱ्यांनी त्याहून मोठी गोष्ट केली. मारोसाँ नावाच्या गावात १९०१ मध्येच छोट्या शेतकऱ्यांनी एकत्र येऊन आपली सहकारी वाईन काढली होती. तो मार्ग पुढे सगळ्या मुलखाने धरला. गावोगाव सहकारी तळघरे उभी राहिली. द्राक्ष विकणारा शेतकरी वाईन विकणारा झाला. भांडे त्याच्या मालकीचे झाले.

फूल आपले, कायदा त्यांचा

आता आपल्या मोहाकडे या.

मार्चअखेर ते एप्रिल, पहाटे फूल गळते. बाया-पोरे अंधारात टोपली घेऊन निघतात, ऊन चढायच्या आत वेचणी संपवायची असते. झाडाखालचा पाला जाळतात, त्यातून कधी वणवा लागतो. ते टाळायला झाडाखाली जाळी बांधता येते, फूल मातीला न लागता पडते, स्वच्छ राहते, भावही बरा मिळतो. अंगणात वाळवलेल्या फुलाच्या वजनात साधारण निम्मी साखर असते. धानाची एकच फसल घेणाऱ्या, बोडी-तलावावर अवलंबून असलेल्या आपल्या मुलखात उन्हाळ्याच्या तोंडी रोकड देणारे हे पीक आहे. नांगर नाही, खत नाही, कर्ज नाही.

पण साठवायला जागा नाही. सुके फूल पावसाची हवा खेचून घेते, काळे पडते. म्हणून पावसाळ्याआधी जो भाव मिळेल तो घ्यायचा. आठवडी बाजारात व्यापारी घेतो, त्याच्या गोदामात ते फूल थांबते, आणि सणासुदीला तेच फूल तीच बाई चढ्या भावाने विकत आणते. कापूसवाल्याने जे भोगले, कांदेवाल्याने जे भोगले, तेच मोहवालीने भोगले. फरक एवढाच की तिला कोणी शेतकरी मानले नाही.

हे मुळात झाले कसे? इंग्रजाने १८७८ च्या अबकारी कायद्याने मुंबई इलाख्यातल्या गावभट्ट्या मोडून दारू गाळणे मोठ्या मक्तेदारांच्या भट्ट्यांत नेले. अशा भट्ट्या कोकणच्या काठावर उरणला होत्या, आणि तिथे मोहफूल पंचमहालाकडून येत होते. तरी ठाणे-कुलाब्याचे आदिवासी घरी दारू गाळत राहिले, महसूल बुडू लागला. म्हणून १८९२ साली खास मोहाचा कायदा आला आणि त्या दोन जिल्ह्यांत फूल बाळगण्यावरच बंधन आले. दारूवर नव्हे, फुलावर! कारण नीती नव्हते, तिजोरी होते. आपला चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता, त्यामुळे त्या कायद्यातून सुटला. पण १९४९ चा मुंबईचा दारूबंदी कायदा आणि त्याखालचे मोहफुलांचे नियम महाराष्ट्रासोबत आपल्याही बोकांडी बसले. ठराविक वजनापेक्षा जास्त फूल ठेवायचे तर परवाना, न्यायचे तर पास. फूल साठवणे, वाहून नेणे यावरची ही बंधने राज्य सरकारने उठवली ती २०२१ साली. स्वातंत्र्य मिळून चौऱ्याहत्तर वर्षांनी फूल मोकळे झाले.

आणि २०२२ च्या एप्रिलात मंत्रिमंडळाने आणखी एक निर्णय केला. काजूबोंड आणि मोहफूल यांपासून केलेल्या मद्याला 'देशी'ऐवजी 'विदेशी मद्य' या वर्गात टाकायचे. पाहा गंमत. हजारो वर्षे या जंगलात उगवणारे झाड, आणि त्याची दारू कारखान्यात गेली की विदेशी! गोंडाच्या घरी असली की गुन्हा, कंपनीच्या बाटलीत गेली की विदेशी. हा वर्ग कोणासाठी केला, हे ओळखायला फार डोके लागत नाही. परवाना, यंत्र, बाटली, लेबल, दुकान ज्याला परवडते त्याच्यासाठी. आपल्या वाट्याला पुन्हा किलोचा भाव.

शेजाऱ्यांनी काय केले तेही पाहा. छत्तीसगडच्या अनुसूचित भागात आदिवासी कुटुंबाला घरापुरती मोहाची दारू ठेवायला मुभा आहे. म्हणजे कोरचीच्या पुढे सीमा ओलांडली की मावशी गुन्हेगार राहत नाही, तिची बहीण तिथे कायदेशीर आणि ती इथे आरोपी. त्याच छत्तीसगडने २०२० मध्ये मोहफुलाचा खरेदीभाव किलोला ३० रुपये केला. मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला वारसा मद्य ठरवले आणि अलीराजपूर, दिंडोरीच्या आदिवासी बचत गटांकडून ती काढून घेतली. ती व्यवस्था निर्दोष आहे असे माझे म्हणणे नाही. पण भांडे गटाच्या हातात दिले, हे महत्त्वाचे.

मायबहिणींचा सवाल

आता सगळ्यात अवघड भाग. तो टाळला तर हा लेख लबाड ठरेल.

गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. ती मुंबईने दयेने दिलेली नाही. १९८०-९० च्या दशकांत इथल्या बायांनी, गावांनी, डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी लढून मिळवली. चंद्रपूरच्या बाया २०१० च्या हिवाळ्यात चिमूरहून नागपूरच्या विधानभवनाकडे चालत गेल्या. १ एप्रिल २०१५ ला चंद्रपुरात बंदी आली. २७ मे २०२१ ला मंत्रिमंडळाने ती उठवली आणि जुलैत दुकाने उघडली. चालत गेलेल्या बायांच्या ग्रामसभांना त्या वेळी कोणी विचारले? अवैध दारू वाढली हे कारण दिले गेले. चोर सापडत नाहीत म्हणून कुलूपच काढून टाकणारा हा न्याय.

म्हणून एखादी बहीण विचारेल, "भाऊ, तुम्ही मोहाला मान द्या म्हणता. उद्या माझा नवरा 'वारसा' पिऊन येईल त्याचे काय?" या प्रश्नावर गप्प बसवणारे उत्तर माझ्याकडे नाही, आणि ज्याच्याकडे आहे असे तो म्हणतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पण तीन गोष्टी सांगतो.

पहिली. आज गावात जी विष म्हणून येते ती बहुधा आजीच्या हातची मोहाची नसते. ती गूळ आणि नवसागराची असते, नाहीतर सीमेपलीकडून पेट्यांनी आलेली. तिचा मालक शहरात बसतो. धाड पडते तेव्हा सापडते ती चार पोरांची विधवा, जिने दोन हंडे लावले. मालकाचे नाव पंचनाम्यात येत नाही.

दुसरी. गावाने ठरवलेली बंदी आणि वरून आलेली बंदी यांत फरक आहे. मुक्तिपथसारख्या अभियानात ज्या गावांच्या बायांनी स्वतः समिती करून दारू थांबवली, तिथे ती थांबली. पहारा गावाचा होता. नुसत्या शासकीय कागदावरची बंदी हप्त्याचा भाव तेवढा वाढवते. आडवी बाटली-उभी बाटलीचे मतदान आठवा. दुकान बंद करायला एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारावा लागतो, घरी राहिलेली बाई आपोआप दुकानदाराच्या बाजूने मोजली जाते. आमदाराला निवडून यायला ही अट लावून पाहा!

तिसरी. हा हक्क कायद्यात आधीच आहे. १९९६ च्या पेसा कायद्याच्या कलम ४ मध्ये मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा, किंवा त्यांची विक्री व सेवन यांवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार आणि गौण वनोपजाची मालकी, दोन्ही गोष्टी एकाच पोटकलमात, एकापाठोपाठ लिहिल्या आहेत. बंदी 'किंवा' नियंत्रण. निवड ग्रामसभेची. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनोपज गोळा करणे, वापरणे आणि विकणे हा हक्क दिला. मेंढा-लेखाने २०११ मध्ये आपल्या बांबूचा वाहतूक परवाना स्वतःच्या हातात घेऊन दाखवला. तेंदूचा लिलाव कितीतरी ग्रामसभा आता स्वतः करतात. बांबू आपला, तेंदू आपला, मग मोहच तेवढा पोलिसांचा कसा?

ज्या गावच्या बाया म्हणतील की आमच्या हद्दीत एक थेंब नको, तिथे एक थेंब नको, आणि ती बंदी मोडणाऱ्या शहरी मालकाला आत टाका. ज्या गावच्या बाया म्हणतील की आमच्या सणाला, लग्नाला, देवाला लागते तेवढी घरची राहू दे, तिथे पोलिसाचे काम नाही. ग्रामसभेत बायांची संख्या पुरी नसेल तर हा ठरावच होऊ नये. मुंबईने आणि कंपनीने यात पडू नये.

आपल्या मागण्या

पुढच्या जिल्हा बैठकीत यांवर चर्चा करून ठराव करायचा आहे.

१. मोहफूल हे शेतमालासारखे पीक माना. हंगाम सुरू होण्याआधी खरेदीभाव जाहीर करा आणि त्या भावाने ग्रामसभेमार्फत खरेदी करा.

२. वाईन पार्कला जमीन, वीज, पाणी मिळते, तर प्रत्येक वनोपज बाजाराच्या गावी कोरडे गोदाम आणि झाडाखाली बांधायच्या जाळ्या मिळाल्याच पाहिजेत. साठवता आले तर निम्मी लढाई तिथेच जिंकली.

३. मोहाचे लाडू, सरबत, काकवी, बियांचे तेल यांच्या गावउद्योगाला तीच करमाफी द्या, जी २००१ पासून वाईनला दिली. पेय सोडून मोहाचे शंभर उपयोग आहेत. त्यांना धोरण नाही, कारण त्यांतून अबकारी मिळत नाही.

४. मोहाच्या मद्याचा कोणताही कारखाना, त्याचा वर्ग देशी असो की विदेशी, ज्या ग्रामसभांच्या हद्दीतले फूल घेणार त्यांच्या लेखी संमतीशिवाय आणि त्यांच्या मालकीच्या हिश्श्याशिवाय नको.

५. पेसाखालचा मादक पदार्थांचा अधिकार कागदावरून जमिनीवर आणा. ग्रामसभेच्या ठरावाविरुद्ध ना दुकान, ना धाड.

या पाचांत भीक एकही नाही. नाशिकला जे दिले त्याचा हिशेब आपण मागतो आहोत, आणि नाशिकच्या शेतकऱ्याला जे मिळाले नाही, म्हणजे भांड्याची मालकी, ती मागतो आहोत.

मोहाला फूल येण्याआधी, फेब्रुवारीत, प्रत्येक गावाने ग्रामसभा घ्यावी. आपल्या हद्दीत मोहाची झाडे किती, गेल्या हंगामात कोणत्या भावाने फूल गेले, पावसाळ्यानंतर किती भावाने परत घेतले, आणि गेल्या तीन वर्षांत मोहापायी किती बायांवर गुन्हे झाले, ही चार उत्तरे एका कागदावर लिहावीत. बायांच्या सह्या आधी, पुरुषांच्या नंतर. एक प्रत ग्रामसभेच्या दप्तरात ठेवा, दुसरी जिल्हा बैठकीला आणा. जिल्हाधिकाऱ्यांकडे जायचे ते हे सगळे कागद एकत्र बांधून, आणि सगळ्यांनी मिळून. एकट्याने कोणी जायचे नाही. परतीचे गाडीभाडे आपण आपल्याच खिशातून भरू.